मौन आणि संमती : क्वीअर व अपंग व्यक्तींच्या जीवनातील मौनाचा अर्थ

प्रस्तावना

'मौनं संमतिलक्षणम्' हे संस्कृत वचन मराठी भाषकांच्या व्यवहारात इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. लग्नाच्या बैठकीत मुलगी मान खाली घालून गप्प राहिली की ती राजी आहे असे धरले जाते. सभेत कोणी हरकत घेतली नाही की ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात होते. या वचनामागे एक गृहीतक दडलेले आहे. गप्प राहणाऱ्या व्यक्तीला बोलता आले असते, तिच्या बोलण्याचा तिला त्रास झाला नसता आणि बोललेले कोणीतरी ऐकून घेतले असते, असे आपण मानून चालतो. ज्यांच्या बाबतीत हे गृहीतकच खोटे ठरते, त्यांच्या मौनाचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

भारतातील क्वीअर आणि अपंग व्यक्तींच्या जीवनाच्या संदर्भात येथे या प्रश्नाचा विचार केला आहे. 'क्वीअर' ही संज्ञा समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी तसेच लिंगभाव व लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या सर्व व्यक्तींसाठी व्यापक अर्थाने वापरली आहे. शासकीय व्यवहारात अलीकडे 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला असला, तरी चळवळीच्या परंपरेला अनुसरून येथे 'अपंग' हा शब्द ठेवला आहे.

हे दोन समूह एकत्र का घेतले, याचा खुलासा आवश्यक आहे. समलैंगिकता हा आजार किंवा अपंगत्व आहे असे येथे मुळीच सुचवायचे नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून वगळले. या दोन समूहांमधील साम्य निराळे आहे. जात, धर्म आणि मातृभाषा माणसाला घरातून मिळते. त्यामुळे बाहेर अपमान झाला तर घरी येऊन तो सांगता येतो, कारण घरातील माणसेही त्याच अनुभवातून गेलेली असतात. क्वीअर मुलाचे आईवडील बहुधा क्वीअर नसतात आणि कर्णबधिर मुलाचे आईवडील बहुधा ऐकू येणारे असतात. त्यामुळे मौनाची सुरुवात समाजात पाऊल टाकण्यापूर्वी, घराच्या उंबरठ्याच्या आतच होते.

लेखाची उद्दिष्टे

१. क्वीअर व अपंग व्यक्तींच्या जीवनातील मौनाचे वेगवेगळे अर्थ स्पष्ट करणे.
२. मौनाचा अर्थ संमती किंवा अभाव असा लावल्याने झालेले परिणाम न्यायनिर्णय व घटनांच्या आधारे पाहणे.
३. मौनाकडे पाहण्याचा अधिक न्याय्य निकष मांडणे.

यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय आणि नाट्य-चित्रपटकृती यांचा आधार घेतला आहे.

लादलेले मौन आणि त्यातून निघालेला चुकीचा निष्कर्ष

मौन लादण्यासाठी प्रत्येक वेळी धमकी द्यावी लागत नाही. शब्द नसणे एवढेही पुरेसे असते. समलिंगी आकर्षणाबद्दल बोलण्यासाठी मराठीत दीर्घकाळ शिव्या होत्या, टवाळीचे शब्द होते. स्वतःविषयी स्वाभिमानाने उच्चारता येईल असा शब्द सर्वसामान्य मुलामुलींच्या कानावर येत नव्हता. विजय तेंडुलकर यांच्या 'मित्राची गोष्ट' या १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी प्रेक्षकांसमोर उभी राहिली. तिची गोष्ट तिचा मित्र बापू सांगतो, हे या संदर्भात लक्षणीय आहे. मित्राचे जीवन आपल्यापर्यंत पोहोचते ते तिचे ऐकून घेणारा एक माणूस होता म्हणून. पुढे १९९० साली मुंबईतून 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघाले, १९९४ साली हमसफर ट्रस्ट आणि २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन झाला. या प्रयत्नांचे पहिले काम शब्द उपलब्ध करून देण्याचे होते.

शब्दांच्या अभावाला कायद्याच्या भीतीची जोड मिळाली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ मुळे प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंधही गुन्हा ठरत होते. या कलमाखाली शिक्षा झालेल्यांची संख्या थोडी होती. त्याचा खरा परिणाम न्यायालयाबाहेर दिसे. एखाद्या समलिंगी पुरुषाला कोणी लुबाडले, मारहाण केली किंवा पैशासाठी धमकावले, तर तक्रार नोंदवणे म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देणे ठरे. 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली नाझ फाउंडेशन प्रकरणात या कलमाची व्याप्ती मर्यादित केली. परंतु ११ डिसेंबर २०१३ रोजी सुरेश कुमार कौशल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. त्या वेळी न्यायालयाने दिलेल्या कारणांपैकी एक असे होते की समलिंगी व्यक्ती लोकसंख्येचा अत्यल्प भाग आहेत आणि दीडशेहून अधिक वर्षांत दोनशेपेक्षाही कमी व्यक्तींवर या कलमाखाली खटले चालल्याचे दिसते. येथे मौनाचा अर्थ अभाव असा लावला गेला. ज्या कायद्याने माणसे गप्प केली, त्याच कायद्याच्या समर्थनार्थ त्यांच्या गप्प राहण्याचा पुरावा म्हणून उपयोग झाला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले आणि कौशल निर्णय रद्दबातल ठरला. तथापि तो युक्तिवाद आजही वेगळ्या रूपात ऐकू येतो. 'आमच्या महाविद्यालयात असे विद्यार्थी नाहीत' किंवा 'आमच्याकडे कधी तक्रारच आली नाही' ही वाक्ये त्याच तर्काची आहेत.

दुसऱ्याने आपल्या सोयीने वाचलेले मौन

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत मौनाचा अर्थ लावण्याचे काम बहुतेक वेळा पालक, संस्था आणि डॉक्टर करतात. महाराष्ट्राला याचे एक कटू उदाहरण ठाऊक आहे. १९९४ च्या फेब्रुवारी महिन्यात पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलींची गर्भाशये पुण्यातील शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण पुढे करण्यात आले. महिला संघटना व अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तीव्र विरोध केला आणि या प्रकाराची देशभर चर्चा झाली.

शस्त्रक्रियेच्या समर्थनार्थ मांडलेल्या युक्तिवादात सेवक वर्गाची कमतरता आणि पालकांची काळजी या खऱ्या अडचणी होत्या, हे नाकारता येणार नाही. परंतु त्या अडचणी संस्थेच्या होत्या आणि त्यांवरील उपाय मुलींच्या शरीरावर करण्यात आला. त्यांना काय वाटते, हे त्यांना समजेल अशा रीतीने विचारण्याची प्रक्रियाच अस्तित्वात नव्हती. उत्तर मिळाले नाही याचे कारण प्रश्नच विचारला गेला नाही, हे होते.

पंधरा वर्षांनंतरच्या एका खटल्यात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. चंदीगड येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका निराधार तरुणीवर संस्थेतच बलात्कार होऊन ती गर्भवती राहिली. तिच्या हिताचा विचार करून उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. परंतु तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना तिने आपल्याला मूल हवे असल्याचे सांगितले होते. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही असा निर्वाळा दिला. तिचे म्हणणे सुरुवातीपासून स्पष्ट होते. ते ग्राह्य मानायचे की नाही, एवढाच वाद होता.

२०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने या दिशेने महत्त्वाचे पाऊल टाकले. त्यातील कलम १० नुसार वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया अपंग व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीवाचून करता येत नाही. तीव्र अपंगत्वाच्या प्रसंगी मात्र गर्भपातासाठी पालकाच्या संमतीची वाट याच कायद्याने मोकळी ठेवली आहे. म्हणजे दुसऱ्याने बोलण्याचा मार्ग अरुंद झाला, पूर्ण बंद झालेला नाही.

बधिरत्व म्हणजे मौन नव्हे

मराठीत दीर्घकाळ 'मूकबधिर' असा जोडशब्द वापरला गेला. ज्याला ऐकू येत नाही तो मुकाही असतो, अशी समजूत त्यातून पक्की झाली. वस्तुतः सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. हातांची ठेवण, हालचालीची दिशा, चेहऱ्यावरील भाव आणि शरीरासमोरील अवकाशाचा वापर यांतून तिची वाक्यरचना सिद्ध होते. कर्णबधिर माणसांचा मेळा ऐकणाऱ्याला शांत वाटेल. त्यात सहभागी असणाऱ्यांसाठी तो गप्पांनी गजबजलेला असतो.

असे असूनही १८८० साली मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर शिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांमध्ये सांकेतिक भाषेऐवजी तोंडी भाषेला प्राधान्य देण्याचे ठराव केले. त्यांचा प्रभाव जगभरच्या शाळांवर शतकभर राहिला. हातांनी बोलणाऱ्या मुलांना हात आवरण्यास शिकवले गेले आणि ओठ वाचून बोलणे हेच शिक्षणाचे ध्येय ठरले. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेत हे ठराव नाकारून त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. भारताने २००७ साली मान्यता दिलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक संयुक्त राष्ट्रांच्या करारात भाषेच्या व्याख्येतच सांकेतिक भाषांचा समावेश आहे. आपल्याकडे २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०२१ पर्यंत त्याच्या शब्दकोशाने दहा हजार संज्ञांचा टप्पा गाठला.

न्यायालयात या प्रश्नाला विशेष गांभीर्य येते. २०१३ साली फौजदारी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, बोलून व्यक्त होऊ न शकणारी साक्षीदार व्यक्ती दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या साहाय्याने साक्ष देऊ शकते आणि अशा साक्षीचे ध्वनिचित्रमुद्रण केले जाते. याच दुरुस्तीने बलात्काराच्या संदर्भात संमतीची व्याख्याही स्पष्ट केली. संमती म्हणजे शब्दांतून, खुणांतून किंवा अन्य मार्गाने व्यक्त केलेली निःसंदिग्ध तयारी होय. केवळ शारीरिक प्रतिकार झाला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही व्याख्या कायम ठेवली आहे. 'मौनं संमतिलक्षणम्' या वचनाला निदान या एका क्षेत्रात कायद्याने नकार दिला आहे.

पाटण जमाल वली प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने याच सूत्राचा विस्तार केला. अनुसूचित जातीतील एका अंध स्त्रीने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. अपंग व्यक्ती जगाशी वेगळ्या रीतीने संबंध जोडते, एवढ्या कारणावरून तिची साक्ष दुबळी ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. जात, लिंग आणि अपंगत्व यांचा भार एकाच व्यक्तीवर एकत्रित पडतो, याचीही दखल या निर्णयाने घेतली.

निवडलेले मौन

आतापर्यंतच्या विवेचनावरून मौन म्हणजे केवळ अन्याय असा समज होऊ शकतो. तो अपुरा ठरेल. आपल्या परंपरेत मौनाला प्रतिष्ठा आहे. विनोबा भावे यांनी २५ डिसेंबर १९७४ पासून पवनार येथे वर्षभराचे मौन पाळले, तेव्हा त्याकडे साधना म्हणून पाहिले गेले. त्या मौनाला मान मिळाला, कारण ते त्यांनी स्वतः स्वीकारलेले होते. हाच आदर सामान्य माणसाच्या मौनालाही मिळायला हवा. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीत व्यवहारचातुर्य आहे तसेच स्वसंरक्षणही आहे. भाड्याची खोली, नोकरी किंवा वृद्ध आईवडिलांचा आधार गमवावा लागू नये म्हणून जी व्यक्ती आपली लैंगिकता सांगत नाही, तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणारे प्राध्यापक व कवी रामचंद्र सिरस यांच्या बाबतीत हेच मौन दुसऱ्यांनी मोडले. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात कॅमेरा घेऊन घुसलेल्या व्यक्तींनी त्यांचे खाजगी चित्रण केले. त्यानंतर विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि अवघ्या सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, ते घरी मृतावस्थेत आढळले. सिरस यांनी कोणतीही घोषणा केली नव्हती, कोणाकडे काही मागितलेही नव्हते. आपल्या घराचे दार लावून घेण्याचा साधा अधिकार त्यांना मिळाला नाही. २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित करताना लैंगिक कल हा खाजगीपणाचा अविभाज्य भाग असल्याचे म्हटले. न बोलण्याच्या हक्काला त्यामुळे घटनात्मक आधार मिळाला.

जेथे दोन्ही ओळखी एकत्र येतात

जी व्यक्ती अपंग आहे आणि क्वीअरही आहे, तिच्या जीवनात हा पेच अधिक कठीण होतो. अपंग व्यक्तीला लैंगिक भावना नसतात असे समाज गृहीत धरतो. त्यामुळे तिला समलिंगी आकर्षण असू शकते हा विचारच कोणाच्या मनात येत नाही. तिने बोलायचे ठरवले तर 'तुला यातले काय कळते' असे म्हणून ते बोलणे मोडीत काढले जाते. शोनाली बोस यांच्या 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' या २०१४ च्या चित्रपटातील सेरेब्रल पाल्सी असलेली लैला एका अंध तरुणीच्या प्रेमात पडते. आईजवळ हे बोलताना तिला ज्या अडचणी येतात, त्या केवळ लैंगिकतेच्या नाहीत. जी आई तिला आंघोळ घालते, तिच्यापासून वेगळे असे स्वतःचे आयुष्य मागण्याचा तो संघर्ष आहे.

येथे निवडलेल्या मौनाची मर्यादाही दिसते. काही लपवून ठेवण्यासाठी स्वतःची जागा लागते. ज्याचा फोन दुसरा कोणी लावून देतो, ज्याची पत्रे दुसरा वाचून दाखवतो, ज्याला डॉक्टरकडे नेणारी आणि त्याचे संकेत उलगडून सांगणारी व्यक्ती त्याची बहीण किंवा वहिनीच असते, त्याला गुपित ठेवणे जवळजवळ अशक्य असते. घरच्या दुभाष्यासमोर कर्णबधिर तरुण आपल्या जोडीदाराविषयी डॉक्टरांना काय सांगणार? त्याला सुरक्षितपणे बोलता येत नाही आणि मुक्तपणे गप्पही राहता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम १८ मध्ये लैंगिक कल आणि अपंगत्व या दोन्ही कारणांवरून सेवेत भेदभाव करण्यास मनाई आहे. दोन्ही गोष्टींचा एकाच वाक्यात विचार करणारी अशी तरतूद आपल्या कायद्यात विरळच आढळते.

कायद्याचे स्वतःचे मौनही येथे नोंदवले पाहिजे. नवतेजसिंग जोहर निर्णयानंतर संमतीवाचून झालेल्या कृत्यांपुरते कलम ३७७ शिल्लक होते. भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी कोणतेही कलम आले नाही. बलात्काराची व्याख्या केवळ स्त्री पीडितेपुरती राहिल्याने लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या प्रौढ पुरुषासाठी समतुल्य तरतूद उरली नाही. पारलिंगी व्यक्तींवरील लैंगिक छळासाठी २०१९ च्या कायद्याने ठरवलेली शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे, म्हणजे बलात्काराच्या शिक्षेच्या तुलनेत फारच कमी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रियो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारून तो विषय विधिमंडळावर सोपवला. जोडीदार बेशुद्ध असताना रुग्णालयात त्याच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न त्यामुळे अनेक घरांत टांगणीवर राहिला.

ऐकणाऱ्याची जबाबदारी

या सर्व उदाहरणांत बोलणाऱ्याचे धैर्य हा एकच घटक निर्णायक ठरत नाही. ऐकणाऱ्याची तयारी तितकीच महत्त्वाची ठरते. मद्रास उच्च न्यायालयातील २०२१ च्या एस. सुषमा प्रकरणाने याचा वस्तुपाठ घालून दिला. घरच्यांच्या विरोधामुळे संरक्षण मागण्यास आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यासमोर होते. निर्णय देण्यापूर्वी त्यांनी या विषयाची आपली समज अपुरी असल्याचे मान्य करून मानसशास्त्रज्ञांकडून स्वतःसाठी मार्गदर्शन सत्र घेतले आणि नंतर लैंगिक कल 'बदलण्याच्या' तथाकथित उपचारांना मनाई करणारे निर्देश दिले. पुढील वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्य परिषदांना कळवले.

शैक्षणिक संस्थांना यातून बोध घेता येईल. समुपदेशकाकडे जाताना कर्णबधिर विद्यार्थ्याला घराबाहेरचा, गोपनीयता पाळणारा दुभाषी मिळावा. तक्रार लेखी, सांकेतिक भाषेत किंवा चित्रांच्या साहाय्याने नोंदवण्याची सोय असावी. प्रवेश अर्जावरील लिंगविषयक रकान्यात 'सांगू इच्छित नाही' हा पर्याय असावा. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीवाचून पालकांपर्यंत पोहोचू नये. यांपैकी बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही.

निष्कर्ष

१. क्वीअर व अपंग व्यक्तींच्या मौनाला एकच अर्थ नाही. ते लादलेले असते, निवडलेले असते, आणि कित्येकदा ते मौन नसतेच. ऐकणाऱ्याला ती भाषा येत नसते.

२. मौनाचा अर्थ संमती असा लावल्याने शिरूरसारखी घटना घडते आणि अभाव असा लावल्याने कौशल प्रकरणासारखा निर्णय येतो. दोन्ही ठिकाणी अर्थ लावणाऱ्याची सोय साधली गेली.

३. कोणत्याही मौनासमोर दोन प्रश्न विचारले जावेत. या व्यक्तीला तिच्या भाषेत, सुरक्षितपणे बोलता आले असते का? आणि तिला गप्प राहायचे असते, तर तसे राहता आले असते का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच ते मौन तिचे स्वतःचे आहे असे म्हणता येईल आणि त्याचा आदर करणे आपले कर्तव्य ठरेल.

४. यांपैकी एकही उत्तर नकारार्थी असेल, तर त्या मौनावरून कोणताही निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. अशा वेळी विचारणे, विचारण्याची भाषा शिकणे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबणे एवढेच उचित होय.